बोटभर सैल

बसमध्ये तिला आधी वास आला, मग तो दिसला.

वास ओळखीचा होता. जळालेल्या वॉर्निशचा — थोडा गोडसर, थोडा कडवट, एकदा नाकात शिरला की दोन दिवस निघायचं नाव न घेणारा. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून खिडक्या उघडत होते, ड्रायव्हर दर थांब्याला उतरून आपलं इंजिन तपासत होता. ती मात्र भुकेल्या माणसाने स्वयंपाकघर शोधावं तशी वासाचा माग काढत मागच्या बाकापर्यंत पोहोचली.

तिथे एक तरुण बसला होता. मांडीवर जाड कापडी पिशवी, पिशवीला दोन्ही हातांची मिठी, आणि चेहरा असा की या वासाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

"जळाली ना?" तिने विचारलं.

"क... कोण?"

"मोटर."

त्याने पिशवी आणखी घट्ट धरली. "तुम्हाला कसं कळलं?"

"काहीतरी जळालंय हे अख्ख्या बसला कळलंय. काय जळालंय ते मला एकटीला कळलं." ती शेजारी बसली आणि परवानगीबिरवानगी न विचारता पिशवीचं तोंड उघडून आत डोकावली. आतली तांब्याची वेटोळी कोळशासारखी काळी पडली होती. "अगं बाई! काय केलंत हिला?"

"प्रोग्राममध्ये एक चिन्ह चुकलं. अधिकच्या जागी उणे."

"मग?"

"मग... तीन सेकंदांत..." त्याने बोटांनी हवेत धुराची वलयं काढून दाखवली.

"तीन सेकंद? आमच्याकडे लोकांना मोटर जाळायला अख्खा उन्हाळा लागतो हो!"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर काजळीचा एक ठिपका होता तो वर सरकला, आणि तिला उगाचच वाटलं, हा ठिपका त्याला सांगू नये. राहू दे जरा.

ज्या कारखान्यात तो निघाला होता, तिथे दुरुस्तीला सहा आठवडे लागतील असं सांगितलं होतं. सहा आठवडे त्याच्याकडे नव्हते.

"पुढच्या थांब्याला उतरा," ती म्हणाली. "आमचं वाइंडिंगचं दुकान आहे. बाबा आणि मी. जळालेलं काढायचं, नवं भरायचं, हाच धंदा."

"पण ही मोटर वेगळी आहे..."

"प्रत्येकाला आपली वेगळीच वाटते. उतरा!"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या तांब्याच्या तारांच्या गुंड्या, कोपऱ्यात वॉर्निश वाळवायची भट्टी, मधोमध हाताने फिरवायचं यंत्र. एका वेढ्याला एक 'टिक' करणारं. त्यावर बाबा. आणि दारातल्या टेबलाशी, मोठ्या कात्रीने इन्सुलेशनचा कागद कापत, आत्या. आत्याच्या कात्रीला आणि जिभेला धार एकाच दिवशी लावली असावी, असं गल्लीत म्हणत.

"ठिणगे, हे काय उचलून आणलंस?" आत्याने विचारलं. ठिणगी म्हणजे तीच. नाव बाबांनी ठेवलेलं. का, ते तिच्याशी दोन मिनिटं बोलणाऱ्याला विचारावं लागत नसे.

"जळकी मोटर."

"मोटरचं नाही विचारलं मी."

ठिणगीने ऐकलं न ऐकल्यासारखं करून मोटर टेबलावर ठेवली, आतला फिरता भाग ओढून काढला आणि दिव्याखाली धरला. नुसत्या पातळ पत्र्यांची चवड. प्रत्येक पत्र्यात कमानीसारख्या कापलेल्या चिरा.

"यात चुंबक कुठंय?"

"नाहीच."

"मग फिरते कशी?"

आणि आतापर्यंत चाचरणारा हा माणूस एकदम बोलायला लागला. डोळे चमकले, हात हलायला लागले. लोखंडाला सोपी वाट आवडते, तो म्हणाला. या चिरांमुळे त्याच्यात एक वाट सोपी होते, एक अवघड. ड्राइव्ह म्हणजे वीज नेमक्या क्षणाला, नेमकी तेवढीच सोडणारी ती पेटी. ती सोपी वाट सारखी पुढे पुढे सरकवत राहते. लोखंड तिच्यामागे वळतं. वळतच राहतं.

"म्हणजे ती पुढे पळणार, हा मागे धावणार."

"हो. कायम थोडासा मागे."

"आणि गाठणार कधी?"

"गाठली तर मोटर थांबेल."

"बिचारं लोखंड!" ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

चुंबकं बनवायला कुठे कुठे डोंगर पोखरावे लागतात, पाणी नासतं, हे त्याने सांगितलं. ही मोटर नुसत्या लोखंडा-तांब्याची. थोड्या उन्हाच्या विजेवरही पंप चालवेल, गिरणी चालवेल. "आणि जळालीच, तर कुठल्याही गल्लीतल्या दुकानात दुरुस्त झाली पाहिजे. तसाच विचार करून काढलीये."

बाबांचं यंत्र थांबलं. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. "गल्लीतल्या दुकानाचा विचार करणारा शास्त्रज्ञ पहिल्यांदाच पाहिला," ते म्हणाले. "ठिणगे, भरून दे याची मोटर."

मोटर भरायला चार दिवस लागले. चारही दिवस तो येऊन स्टुलावर बसला. सोबत एक वही. त्यात प्रत्येक गोष्टीचं माप. तारेची जाडी तीनदा मोजायचा, वेढे दोनदा, आणि चहात साखर किती हे विचारलं तर म्हणायचा, "किती मिलीमीटरचा चमचा आहे?" तिने त्याचं नाव काटेकोरराव ठेवलं. त्याने वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

चौथ्या दिवशी मोटर भट्टीतून निघाली, जुळली, फिरली. ठिणगीने आपला लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ त्याच्या कानाशी धरली.

"ऐका. बेअरिंग ऐकू येईल."

त्याने डोळे मिटले. तिची बोटं त्याच्या कानाला जेमतेम लागत होती... की तिला तसं वाटत होतं?

"काय ऐकू येतंय?"

"पाऊस," तो हळूच म्हणाला. "लांब कुठेतरी... पडतोय."

"मग चांगलं आहे. बिघडलेलं असतं तर गारा पडल्या असत्या."

त्याने डोळे उघडले, तेव्हा ती फार जवळ होती. दोघांनीही एकदमच मोटरकडे पाहिलं. मोटरने काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मोटरबरोबर तो स्क्रूड्रायव्हरही त्याच्या पिशवीतून गेला.

पुढचे तीन आठवडे तो आठवड्यातून दोनदा तरी दुकानात उगवायचा. कधी कागदाची जाडी विचारायला, कधी नुसतंच "इकडून चाललो होतो". त्याची लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. इकडून कुठेच जाता येत नसे.

"माझा स्क्रूड्रायव्हर?" ती दर वेळी विचारायची.

"अरेच्चा! विसरलो."

"ज्याला दशांश चिन्हापुढचे तीन आकडे पाठ असतात, तो स्क्रूड्रायव्हर विसरतो?"

"पुढच्या वेळी... नक्की."

"मेल्या, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" आत्या कात्री चालवत म्हणाली. तो इतका लाल झाला की बाबांनी सवयीने भट्टी बंद आहे ना ते पाहिलं.

अशाच एका दुपारी, स्टुलावर बसून त्याने तिला ते सांगितलं. महिन्याअखेरच्या सोमवारी पाहणी समिती येणार. मोटर आणि ड्राइव्ह मिळून नव्वद टक्के वीज तरी कामाला लागली पाहिजे. नव्वद झाले, तर काम आणखी तीन वर्षं इथेच. नाही झाले, तर लॅबला कुलूप.

"आणि तुम्ही?"

"समुद्रापलीकडच्या एका कारखान्याचं पत्र आलंय. चुंबकाच्या मोटरी बनवतात." तो वहीच्या कडा सरळ करत होता, त्या सरळच होत्या. "त्यांनी पाच वर्षांचा करार मागितलाय."

ठिणगीच्या हातातली तार तुटली. बाबांनी वर पाहिलं. तिच्या हातून तार शेवटची तुटली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

आणि मग, समितीच्या पाच दिवस आधी तो धावत आला. खरोखर धावत. शर्ट बाहेर आलेला, एका बुटाची नाडी सुटलेली.

"एक्क्याण्णव पूर्णांक चार!" दारातूनच ओरडला. "तीन दिवस! रोज तेवढेच! एक्क्याण्णव पूर्णांक चार!"

ठिणगीने हातातली पक्कड फेकली आणि टाळी वाजवली, बाबांनी त्याच्या पाठीत असा धपका घातला की चष्मा निसटला, आत्या म्हणाली, "मेल्या, आधी नाडी बांध, नाहीतर पडून मरशील आणि एक्क्याण्णव कोण मोजणार?" तो नाडी बांधायला खाली वाकला. तिथूनच, मान वर न करता, म्हणाला, "उद्या याल? लॅब बघायला. म्हणजे... मोटर बघायला."

"मोटर बघायला येईन," ती म्हणाली. "लॅब वाटेत लागली तर तीही बघेन."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तिने नखांतलं वॉर्निश घासून घासून काढलं. निघालं नाहीच.

लॅब पांढरीशुभ्र होती. एका लोखंडी पलंगासारख्या चौकटीवर तिची मोटर फिरत होती. तिला जोडलेला ब्रेक, ब्रेकला हातभर लांब दांडा, आणि दांड्याचं टोक एका वजनकाट्यावर टेकलेलं. मोटर जितक्या जोराने वळेल तितका दांडा काटा दाबेल. त्यावरून पडद्यावर आकडा: ९१.४.

"सुंदर," ती म्हणाली, आणि तेव्हाच तिला तो दिसला.

दांड्याच्या टोकाच्या बोल्टला, दोऱ्याच्या फासात, तिचा स्क्रूड्रायव्हर लटकत होता. लाकडी मूठ पुसून चकचकीत केलेली.

पहिल्यांदा तिला हसूच आलं. म्हणजे विसरला नव्हता तर! आणि दुसऱ्याच क्षणी — तिच्या डोळ्यांसमोर दुकानातला काटा उभा राहिला. तार तोलताना चुकून काट्यावर पक्कड राहिली, तर बाबा काय म्हणायचे? काटा बिचारा सांगेल तेच ऐकतो.

दांडा काट्याला दाबतोय. स्क्रूड्रायव्हर दांड्याला.

तो पाठमोरा होता. पेटीतल्या विजेच्या वेळा समजावत होता, हात हलवत, आनंदात. कुणालाच ठाऊक नव्हतं. ती काही बोलली नाही, तर सोमवारी समिती येईल, एक्क्याण्णव बघेल, मान डोलवेल. तीन वर्षं तो इथे. स्टूल, वही, 'इकडून चाललो होतो'... नुसतं गप्प बसायचं होतं. जन्मात तिला ते कधी जमलं नव्हतं, पण आज शिकता आलं असतं.

तिने मोटरकडे पाहिलं. चार दिवस खपून भरलेली. तिच्यावर खोटा आकडा?

तिने दोन बोटांनी स्क्रूड्रायव्हर अलगद वर उचलला.

पडद्यावर आकडा खाली आला. ८९.१.

तो बोलता बोलता थांबला. "हे... काय केलंत?"

"वजन उचललं."

त्याने आकडा पाहिला, तिचा हात पाहिला, पुन्हा आकडा पाहिला. "पण मी रोज सकाळी काटा शून्यावर आणतो! न चुकता! आधी शून्य, आणि मग..."

"आणि मग?"

"मग... खिशातून हा काढतो. आणि इथे अडकवतो."

"खिशातून?" तिने स्क्रूड्रायव्हर धरूनच विचारलं. "म्हणजे हा रोज घरी जातो?"

त्याचे कान तापलेल्या तारेसारखे लाल झाले. "हो."

"घरी काय... स्क्रू फिरवता?"

"नाही."

"मग?"

"उशाशी ठेवतो," तो म्हणाला. इतक्या हळू, की मोटर बंद असती तरच नीट ऐकू आलं असतं. तिला नीटच ऐकू आलं. "आणि इथे समोर असला की काम चांगलं होतं. असं वाटायचं. आकडेही चांगले यायला लागले, म्हणून मग..."

"आकडे चांगले यायचे कारण हा पन्नास ग्रॅम आहे हो, काटेकोरराव!"

तिला हसू यावं की रडू, ठरेना. तो खुर्चीत बसला, चष्मा काढला. "संपलं," म्हणाला. "एकोणनव्वद. तुम्ही उचलला नसता तर..."

"तर तुम्ही राहिला असता. ठाऊक आहे मला." तिने बोल्टवरचा दोरा सोडवून स्क्रूड्रायव्हर आपल्या पिशवीत टाकला. "उचलायच्या आधी तोच विचार केला. पुरता केला. मग उचलला."

त्याने मान वर केली. ती काय बोलून गेली ते दोघांनाही एकाच वेळी कळलं. ती झटकन मोटरकडे वळली.

"ते सोमवारनंतर बोलू. आता सांगा — हा एक टक्का जातो कुठे?"

"तापण्यात. तांब्याच्या तापण्यात, मुख्यतः. लोखंडाच्या खाचांतलं तांबं काम करतं, पण दोन्ही टोकांना बाहेर वळलेलं जे असतं... ते नुसतंच तापतं."

"आत्यासारखं," ती म्हणाली. मग एकदम स्वतःच्या बोटाकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"आम्ही बोटभर सैल सोडतो."

"म्हणजे?"

"कॉइल वळताना. नेमकं माप घेतलं तर ती खाचेत बसवताना जीव जातो. म्हणून प्रत्येक वेढा बोटभर मोठा ठेवायचा. बाबांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. जगातला प्रत्येक वाइंडर सोडतो! पण ते बोटभर, इतके सगळे वेढे, दोन्ही टोकांना..."

त्याने वही ओढली. पेन्सिल पळायला लागली. "मी तुमच्या वेढ्यांची संख्या मोजली, जाडी मोजली... लांबी तुमच्यावर सोडली!" आकडे लिहिता लिहिता त्याचा श्वास वाढला. "पाऊण टक्का. थोडं वरच. बाकीचं मी पेटीतून काढतो, वेळा आणखी बारीक जुळवून... ठिणगी, होईल हे! होऊ शकेल!"

त्याने तिला पहिल्यांदाच त्या नावाने हाक मारली होती.

मोटर घेऊन दोघं दुकानात आले, तर बाबांनी मान हलवली. "तीस वर्षं बोटभर सोडून वळतोय मी. न सोडता भरशील तर तार सोलली जाईल, आणि पुन्हा धूर."

"सोलली तर पुन्हा वळेन."

पहिली कॉइल सोलली. दुसरीही. तिसरीला तिचा अंगठा कापला. तो समोर बसून कॉइलचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरत होता, ती तारा एकेक करून खाचेत सरकवत होती. बोटांना बोटं लागत होती आणि लाजायला कुणाला सवड नव्हती. शुक्रवार संपत आला तेव्हा बाबा आपलं यंत्र सोडून उठले. एक लाकडी पट्टी घेतली, काचेच्या तुकड्याने तासून तासून रेशमासारखी केली, आणि तिच्या हातात दिली.

"जोर करू नकोस. तारेला हिने समजाव," ते म्हणाले. "आणि तुम्ही हो शास्त्रज्ञ, तुम्ही तिच्या तोंडाकडे बघू नका, कॉइलकडे बघा."

आत्याने बोटभर अरुंद कागद कापून ठेवलेच होते. कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी समितीची तीन माणसं आली. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी आधी काटा पाहिला. "शून्य आहे. दांड्यावर काही नाही ना?"

"नाही," तो म्हणाला, आणि आपले दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. बाईंना कळेना, हा असं का करतोय. भिंतीशी उभ्या ठिणगीने ओठ घट्ट मिटले.

मोटर सुरू झाली. आकडा ९१.० वर उभा राहिला. कुणी हललं नाही. खरी परीक्षा तापल्यावर. तांबं तापलं की आकडा उतरतो. तासभर चालवायची, मग जो राहील तो खरा.

वीस मिनिटं. ९०.७.

चाळीस मिनिटं. ९०.४. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने कापडाची पट्टी बांधलेला अंगठा वर केला.

पन्नास. ९०.२. उतर नकोस, तिने मोटरला मनात सांगितलं, तुला बोटभर सैल ठेवलेलं नाही, आता तूही ठेवू नकोस...

एक तास. ९०.२. एक तास दहा मिनिटं. ९०.२.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि आकडा लिहून घेतला. मग वाकून मोटरच्या टोकांशी वळलेलं तांबं निरखलं. "इतकं घट्ट कुणी भरलंय?"

"यांनी," तो म्हणाला. मग थांबून, सगळ्यांसमोर, म्हणाला, "आणि माझी चूकही यांनीच पकडली. नाहीतर आज मी तुम्हाला खोटा आकडा दाखवला असता. तो तुम्ही पास केला असता, आणि मला कधी कळलंही नसतं."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि वाइंडिंगसाठी यांचं नाव कागदावर घाला."

सगळे गेले. मोटर निवत होती. पंख्याचा वारा तिच्यावरून येत होता, नव्या वॉर्निशच्या वासाचा. या वेळी न जळालेल्या.

"सोमवार झाला," तो म्हणाला.

"सोमवार आहे अजून. सोमवारनंतर म्हटलं होतं मी."

"ठिणगी..."

"ते समुद्रापलीकडचं पत्र?"

"काल उत्तर पाठवलं. नाही म्हणून."

ती गर्रकन वळली. "काल? आकडा तर आज आला! आणि ऐंशी आले असते तर?"

"तर तुमच्या दुकानात कागद कापले असते. आत्यांना विचारून ठेवलंय. म्हणाल्या, कात्री देणार नाही, पण केरसुणी देईन."

ठिणगी हसायला लागली, आणि हसता हसता तिने पिशवीतून तो काढला. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. तो हात पुढे करणार, तोच तिने त्याचं टोक हलकेच त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं, डावीकडे, आणि मूठ आपल्या कानाशी धरली. डोळे मिटले.

तो श्वास घ्यायचाही विसरला. "काय... ऐकू येतंय?"

"श्श."

"पाऊस?"

"गारा," ती डोळे न उघडता म्हणाली. "नुसत्या गारा पडतायत. आणि स्पीड केवढा हा! असं चाललं तर तीन सेकंदांत धूर निघेल."

"मग काय करायचं?"

तिने डोळे उघडले. या वेळी कुणीच मोटरकडे पाहिलं नाही.

"काही नाही. दुरुस्तीचं दुकान आहे माझं," ती म्हणाली, आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशात खोचला. "हा ठेव तुझ्याकडेच. उशाशी ठेव, खिशात ठेव, कुठेही ठेव..."

'तुझ्याकडे', 'ठेव'... त्याने ते वहीत लिहून घ्यावं अशा चेहऱ्याने ऐकलं.

"...पण दांड्यावर अडकवलास, तर बघ!"